टाका दिसतो

५ जानेवारी

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

एकतीस वर्षांत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागणार आहे, तेव्हा खुर्ची ओढून बस.

आमच्या वरिष्ठ मंडळाचं पत्र आलंय. मजकूर गोड आहे, आतली गोळी कडू. घरात शपथ घेतलेल्या आम्ही नऊ जणी उरलोय. मी आले तेव्हा छप्पन्न होतो. येत्या एक डिसेंबरला, म्हणजे घराच्या स्थापनेच्या दिवशी, बारा जणी भरल्या तर घर राहील. त्याच दिवशी पहिली शपथ घेतलेलीही धरू, एवढी मेहेरबानी केली आहे. बारा भरल्या नाहीत तर इमारत विकायची आणि आम्हाला नऊ ठिकाणी वाटून टाकायचं. आमच्यात पन्नाशीच्या आतली एकच, चष्मिश. मी घरची थोरली, म्हणजे शंभर वर्षांचं हे घर माझ्याच हातून बुडणार.

तू घर एकदाच पाहिलंस, तेही रागाने, म्हणून पुन्हा सांगते. आम्ही मोठ्या इस्पितळाच्या चादरी धुतो आणि फाटलेल्या रफू करतो. घर काढणाऱ्या मूळबाई स्वतः तिथे धुणं धुवायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की आजाऱ्याच्या पाठीला टाका टोचू नये आणि तो कुणी घातला हे देवाखेरीज कुणाला कळू नये. बाकी नियम त्यातूनच निघाले. पहाटे चारला उठणं, दुपारपर्यंत मौन, स्वतःच्या मालकीची सुईसुद्धा नाही, घरी परत जाणं नाही.

तू तीस वर्षं हॉटेलच्या स्वागतकक्षात उभी आहेस. माणसं दारातून आत कशी येतात ते तुला कळतं, आम्हाला नाही. सांग.

तुझं उत्तर नेहमीप्रमाणे जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाईल. मागच्या दारावरच्या कडीबाईही झरोक्यातून ऐकतील. दार सोडून त्या कुठे जात नाहीत, घरातलं जे काही कळतं ते त्यांना त्या झरोक्यातूनच. मागे तू नवऱ्याच्या घोरण्याबद्दल लिहिलं होतंस, तेव्हा पहिलं हसू तिथूनच आलं होतं. तेव्हा जिभेला जरा लगाम.

तुझी
ताई

२० जानेवारी

ताई आणि समस्त जेवणाऱ्या मंडळी, सप्रेम नमस्कार.

घास गिळून घ्या, मग पुढचं ऐका.

मी तुमच्या दाराशी आले होते ती ताईला परत न्यायला, आणि तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. उंच भिंत, बंद दार, पाटी नाही, घंटा नाही. अशा हॉटेलात कोण उतरेल? तुमची मंडळी कमी का झाली याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. छप्पन्न जणी आत शिरल्या कशा, तेच मोठं कोडं.

आता कागद घ्या. पुढचं दार उघडा. रंग द्या, पाटी लावा. येणाऱ्याला पहिल्या मिनिटात हसरा चेहरा आणि तिसऱ्या मिनिटात थंड सरबत मिळालं पाहिजे. आल्याआल्या नियम सांगू नका, खोली दाखवा. पहाटे चारला माझ्या हॉटेलात फक्त विमान चुकलेले उठतात. सहाला उठा. जेवताना बोला. दारावर काही परीक्षा वगैरे असेल तर ती आधी बंद करा. वर्तमानपत्रात जाहिरात द्या, आणि इस्पितळात एक चिठ्ठी लावा, की ही चादर रफू करणाऱ्या घराला माणसं हवीत.

आणि कृपा करून लोकांची पत्रं मोठ्याने वाचणं थांबवा. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याचं घोरणं तुमच्या घरात अमर झालंय. कडीबाई, हे तुम्हाला उद्देशून आहे.

आपली,
टकळी

२ मार्च

टकळे,

हे पत्र मी एकटी लिहितेय आणि तुझं उत्तरही एकटीच वाचणार आहे. नियम बदलले.

तीन दिवस बैठक चालली. दोघी रडल्या. शेवटी सगळ्यांनी हात वर केला, चष्मिशने सर्वात शेवटी. आता सहाला उठतो. मौन फक्त प्रार्थनेच्या वेळी. जेवताना वाचन बंद, गप्पा चालू. दारावरची रफूची परीक्षा रद्द. सगळे निर्णय छान अक्षरात लिहून पुढच्या दालनातल्या फळ्यावर लावलेत, तुझ्या हॉटेलात लावतात तसे. पुढचं दार पिवळं रंगवलंय. जाहिरातही दिली, 'प्रशस्त खोल्या, निवांत वातावरण'. ते वाक्य लिहिताना मला जरा लाज वाटली, पण लिहिलं. इस्पितळातही चिठ्ठी लावली.

काल सहा वाजता उठले तर खिडकीत उजाडत होतं. मी उठायच्या आधी उजाडलेलं मी एकतीस वर्षांनी पाहिलं. कुणीतरी माझ्या आधी कामाला लागल्यासारखं वाटलं.

आता वाट पाहतोय.

तुझी ताई

१४ मार्च

ताई,

एकटीने वाचतेयस ना? मग एकदा मनातलं लिहून घेते.

एकतीस वर्षं मी तुला पत्र म्हणून जे पाठवलं ते निवेदन होतं. भाजी महाग झाली, मुलीचं लग्न ठरलं, हवा बरी आहे. आईच्या शेवटच्या दिवशी तू तीन तास आलीस आणि पाणीसुद्धा उभ्याने प्यालीस, त्याबद्दल मला किती राग आला होता ते तेव्हाच्या बावीस अनोळखी बायकांसमोर कसं लिहिणार होते? आता लिहिते. खूप आला होता. अजून आहे. पण तू सल्ला मागितलास तेव्हा त्यातला निम्मा उतरला.

पिवळं दार झकास. हसत राहा. सरबतात साखर जरा जास्त घाला, लोकांना आवडतं.

तुझीच
टकळी

१० जून

टकळे,

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

पुढच्या दारातून एकूण चोवीस जणी आल्या. सरबत सगळ्यांनी प्यायलं. एकीने दुपारच्या झोपेबद्दल विचारलं, दुसरीला खोलीतून झाडं दिसायला हवी होती. सर्वात जास्त टिकली ती नऊ दिवस. जाताना म्हणाली, "फार छान विश्रांती झाली, पुढच्या वर्षी मैत्रिणीला घेऊन येते." तिने सुईत धागाही ओवला नव्हता. तुला दोष देत नाही, पण तुझं हॉटेल आम्ही फुकट चालवतोय.

जेवताना आता बोलतो. कशावर? गुडघ्यांवर. पूर्वी वाचन चालायचं तेव्हा प्रत्येकीला वाटायचं की शेजारणीच्या मनात काहीतरी थोर चाललंय. आता कळलं की तिच्याही मनात गुडघाच होता.

त्यात चादरी गहाळ होतायत. फाटक्या चादरींचा ढीग मागच्या दाराशी असतो, तिथून मोजून तीस कमी. इस्पितळवाले म्हणतात आमची मोजणी बरोबर आहे. चादरींना पाय फुटले का?

आणि चष्मिश गेली. हे शेवटी लिहितेय कारण आधी लिहवत नव्हतं. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "थोरल्या बाई, मी ज्यासाठी घर सोडून आले होते, तेच तुम्ही मला माफ करून टाकलंत. मग मी इथे का राहू?" मी तिला पुढच्या दारापर्यंत सोडलं.

आठ उरलो.

ताई

२६ जून

ताई,

तुझं पत्र हॉटेलच्या गल्ल्यावर उभ्या उभ्या वाचलं. समोर एक पाहुणा उशीबद्दल तक्रार करत होता आणि मी त्याला सांगितलं, "साहेब, आमची चष्मिश गेली." तो बिचारा उशी घेऊन परत गेला.

सल्ला चुकला. कबूल. माझं काम माणसांना तीन दिवस ठेवण्याचं. जन्मभर ठेवण्याचं मला काय कळणार!

पण ताई, एक विचारू? समजा घर बंद झालंच. तुला कुठल्या तरी परक्या ठिकाणी पाठवतील. तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस. घरी परत जायचं नाही हा नियम घर असेपर्यंतचाच ना? घरच उरलं नाही तर नियम कुणाचा? मी नुसतं विचारतेय. उत्तर घाईने देऊ नकोस.

चादरींचं म्हणशील तर दारवाल्या बाईंना विचार. हॉटेलात टॉवेल गेले की आम्ही आधी दारवानाला विचारतो.

टकळी

१२ ऑगस्ट

टकळे,

कडीबाईंवर संशय? सूर्याने आज उगवू की नको असं विचारलं तर मी मानेन, पण हे नाही. त्या ब्याऐंशीच्या आहेत. चाळीस वर्षांत त्यांनी दार सोडलेलं नाही आणि मी त्यांचा अपमान करणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या दारातून महिनाभर कुणी आलेलं नाही. पिवळा रंग उन्हाने उडाला. मंडळाला मी कळवणार आहे की एक डिसेंबरला येताना विक्रीचे कागद घेऊनच या. माझं सामान म्हणशील तर दोन जोड कपडे आणि एक चष्मा, तोही घराच्या मालकीचा.

त्यानंतर कुठे, ते ठरलेलं नाही. खिडकीजवळ बसून काही तरी शिवता आलं म्हणजे झालं.

ताई

३ सप्टेंबर

ताई,

मी आले होते. तुला माहीत आहे का? नाही ना? वाटलंच मला!

तुझं पत्र वाचलं आणि तडक रजा टाकली. मोठी रिकामी बॅग घेतली. रेल्वेचा नऊ तासांचा प्रवास केला. पुढचं दार कुलूपबंद, कारण तुमच्या सरबतवाल्या बाई म्हणे दातांच्या डॉक्टरकडे गेलेल्या! म्हणून भिंतीला वळसा घालून मागच्या दाराशी गेले, जिथे इस्पितळाची गाडी येते. कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं. आत एक म्हातारी, चेहऱ्यावर हसू नावालाही नाही.

मी म्हटलं, "ताईला भेटायचंय." म्हणाली, "जागा नाही." म्हटलं, "अहो, मी तिची बहीण आहे." म्हणाली, "इथे सगळ्याच बहिणी आहेत." आणि एक फाटकी चादर माझ्या हातात कोंबली! "ही रफू करून आण. महिन्याने ये. टाका दिसला तर परत जाशील." आणि दार बंद. तीस वर्षं मी लोकांचं स्वागत केलं. असं कुणी मला दारातून हाकललं नव्हतं! अर्धा तास कडी वाजवली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही तुझ्या त्या कडीबाईचा.

रिकाम्या बॅगेत ती चादर घालून परत आले.

आता ऐक, मी कशाला आले होते ते. मी तुला न्यायला आले होते. मी तुझ्यासाठी खोली तयार केलीय, ताई. मार्चपासून. खिडकीजवळ पलंग, नवा दिवा, शिवायला टेबल. तुला मन लावून सल्ला दिला हे खरं, पण तो फसावा असंही मला वाटत होतं, हेही तितकंच खरं. तू यावीस म्हणून. आता काय म्हणायचं ते म्हण.

टकळी

१९ सप्टेंबर

माझ्या लाडक्या टकळे,

तुझं पत्र वाचून मी पळत गेले. या वयात, मौनाच्या वेळी, दालनातून पळत. "कडीबाई," म्हटलं, "तुम्ही लोकांना हाकलताय?"

त्या म्हणाल्या, "मी कुणाला हाकलत नाही, पोरी. काम देते."

"पण परीक्षा तर फेब्रुवारीत रद्द झाली!"

"मला कुणी सांगितलं?"

आणि टकळे, खरंच कुणी सांगितलं नव्हतं. निर्णय लागले ते पुढच्या दालनातल्या फळ्यावर, आणि कडीबाई दार सोडून कधी तिकडे जात नाहीत. त्यांना सगळं कळायचं ते जेवणाच्या वाचनातून, आणि आम्ही पहिलं काय बंद केलं? वाचन. सात महिने झरोक्यातून त्यांना फक्त गुडघे ऐकू येत होते. त्यांना वाटलं आमच्यापैकी कुणीतरी फार आजारी आहे.

त्यांच्या खिळ्याला एक दोरी टांगलेली आहे. दिलेल्या प्रत्येक चादरीमागे एक गाठ. एकेचाळीस गाठी. शेवटची तू! इस्पितळातली तुझी चिठ्ठी वाचून बायका आल्या, आणि इस्पितळाला आमचं फक्त मागचंच दार माहीत. एक बाई आईच्या उशाशी तीन आठवडे बसून होती. चादरीवरून हात फिरवताना तिला एके ठिकाणी कापड नव्यापेक्षा मऊ लागलं, आणि ते कसं केलं असेल हे शोधत ती आली. पुढच्या दाराने तिला सरबत मिळालं असतं.

मी डोकं धरून बसले. एकेचाळीस जणी! पत्ते मागितले, तर म्हणाल्या, नाव-पत्ता विचारायचा नाही हा नियम आहे. एक जण दुसऱ्यांदा आली तर टाका शोधून चादर परत द्यायची, आणि तिसऱ्यांदा यायचं ते स्थापनेच्या दिवशीच. मलाही असंच बोलावलं होतं, आणि मी विसरले होते. पंधरा वर्षांत दारावर कुणी आलंच नव्हतं ना.

"दुसऱ्यांदा किती आल्या?" मी विचारलं.

"परत येतात त्या येतात," म्हणाल्या.

काल मागच्या दाराशीच बैठक घेतली. मी म्हटलं, बुडायचंच असेल तर आपल्या पद्धतीने बुडू. आठही हात एका दमात वर गेले. उद्यापासून चारला उठणार. मौन दुपारपर्यंत. वाचन सुरू. पिवळ्या दाराला आतून फळी ठोकली. टकळे, तुझ्या खोलीबद्दल वाचून मी रडले, हे तुला लिहिते कारण उद्यापासून पत्रं पुन्हा सगळ्यांची होतील. तू माझ्यासाठी जे केलंस ते आईनंतर कुणी केलं नाही. पण मला इथेच राहायचंय. घर राहिलं तर कायम, आणि नाही राहिलं तर त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

तुझी ताई

५ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र जेवताना वाचलं जाईल म्हणून थोडक्यात लिहिते. हवा बरी आहे. भाजी महाग आहे.

मी रागावलेय. रागाने माणूस काय काय करतं ते नंतर कळवीन.

टकळी

३ डिसेंबर

टकळे,

मौनाची वेळ संपली आणि लगेच कागद ओढला. पहिल्यापासून सांगते.

एक तारखेला मंडळाचे अध्यक्ष आणि दोन बायका सकाळीच आल्या. कागदांची चामडी पिशवी मांडीवर. त्यांना मागच्या दाराजवळच बसवलं, कारण पुढच्या दाराला फळी. नवाचे ठोके पडले. कडीबाईंनी कडी काढली आणि चाळीस वर्षांत प्रथम दार सताड उघडलं.

बाहेर रांग होती! टकळे, रांग! भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत. सतरा जणी, प्रत्येकीच्या काखेत घडी केलेली चादर. मी कडीबाईंच्या कानाशी गेले आणि जन्मात केली नाही अशी लाचारी केली. म्हटलं, "सगळ्यांना घ्या हो. निदान चौघींना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सव्वीस वर्षांची झाले.

पहिलीची चादर घेतली. डोळे मिटले, बोटं फिरवली. "टाका दिसतो. पुढच्या वर्षी." दुसरीची घेतली. "दिसतो." तिसरी, तीही परत. अध्यक्षांनी पिशवीचा पट्टा सैल केला. चौथी ती इस्पितळवाली, आईच्या उशाशी बसलेली. कडीबाईंची बोटं एकदा गेली, दोनदा गेली, थांबली, पुन्हा गेली. मग त्यांनी डोळे उघडून शोधलं. मग चादर उलटी केली. आणि बाजूला सरकून म्हणाल्या, "आत ये."

त्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं, नाहीतर माझा जीवच गेला असता. अकरावी आली तेव्हा कडीबाई चेहऱ्याकडे न पाहता चादर चाचपत होत्या, आणि मी चेहऱ्याकडे पाहत होते. चष्मिश! जूनमध्ये पुढच्या दाराने गेली आणि ऑगस्टमध्ये मागच्या दाराने चादर मागायला आली होती. सोळा वर्षं घरात राहिलेली मुलगी सगळ्यांच्या रांगेत उभी होती, शब्द न बोलता. कडीबाईंना तेव्हाच ठाऊक होतं. मला? मला कुणी सांगितलं! "आत ये," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना.

सात जणी, टकळे! चार हव्या होत्या, सात आल्या. आठ आणि सात पंधरा. दुपारी प्रार्थनागृहात सातही जणींनी पहिली शपथ घेतली, आणि आवाज भिंतींना इतका अनोळखी होता की आमची सर्वात म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. टाळ्यांचा आमच्याकडे नियमच नाही, ना हो ना नाही. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

पण मंडळाला खरं हलवलं ते परत गेलेल्या दहा जणींनी. एकही रुसली नाही. सगळ्या दाराशी घोळका करून कडीबाईंना विचारत होत्या, "कुठे दिसतो? दाखवा ना, कुठे?" अध्यक्षांबरोबरच्या एक बाई म्हणाल्या, "बाकी घरांतून आम्ही माणसं जाऊ नयेत म्हणून हातापाया पडतो. इथे घालवलेली माणसं परत कधी येऊ विचारतायत." अध्यक्षांनी एक चादर मांडीवर घेतली आणि पाव तास रफू शोधत बसले. सापडलं नाही. मग त्यांनी विक्रीचे कागद पिशवीच्या तळाशी घातले आणि म्हणाले, "थोरल्या बाई, पुढच्या वर्षी जास्त खुर्च्या ठेवा."

आणि आता तुझं. त्याच दिवशी टपालाने एक पार्सल आलं, वर तुझं अक्षर. आत चादर. पत्र नाही, चिठ्ठी नाही. रागाने माणूस काय करतं म्हणतेस ते हे होय! मी काही न सांगता ती कडीबाईंच्या हातात दिली. त्यांनी बोटं फिरवली. बराच वेळ. मग म्हणाल्या, "हात चांगला आहे. शेवटच्या वितीत घाई झाली. हिची घरी कुणी वाट पाहत नसावं, म्हणून घाई करते. टाका दिसतो. परत पाठव."

परत पाठवते आहे.

तुझी
ताई

१६ डिसेंबर

ताईस, कडीबाईंस, चष्मिशला, नव्या सहा जणींना आणि घास थांबवून ऐकणाऱ्या सगळ्या मंडळींना, सप्रेम नमस्कार.

पंधरा! मी ते पत्र स्वागतकक्षात मोठ्याने वाचलं. हो, मोठ्याने. तुमचाच गुण लागला. सामानवाले, लिफ्टवाले, उशीची तक्रार करणारे दोन पाहुणे, सगळ्यांनी ऐकलं, आणि 'आत ये' आलं तेव्हा एका अनोळखी गृहस्थाने गल्ल्यावर मूठ आपटून "वा!" म्हटलं. माझी ताई जिंकली हे एवढ्या माणसांना ऐकवल्याशिवाय मला राहवेना. घर हरावं म्हणून मी वर्षभर मनात धरून बसले होते, आणि जिंकलं तेव्हा सर्वात मोठ्याने मीच ओरडले. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही धार्मिक बायका आहात.

ताई, ती खोली मी मोडली नाही. तिथे उजेड फार चांगला आहे. खिडकीजवळच्या पलंगावर बसून मी टाके घालते. तुझी वाट पाहायला केलेली खोली, आता मी तिथे बसले की तू शेजारी गप्प बसून शिवतेयस असं वाटतं. एकतीस वर्षांत तू माझ्या इतक्या जवळ कधी नव्हतीस. आईच्या दिवशीचा राग कुठल्या टाक्यात गेला ते मला सांगता येणार नाही. कडीबाईंच्या बोटांना विचार.

आता सगळ्यांनी जरा शांत व्हा. झरोका उघडा आहे ना?

कडीबाई, ऐका. मी शपथबिपथ घेणार की नाही ते मला माहीत नाही. पहाटे चारला मी फक्त विमान चुकल्यावर उठते. पण तीस वर्षांत एकाही माणसाने माझ्या कामात खोट काढली नाही, आणि तुम्ही डोळे मिटून काढलीत. शेवटची वीत सगळी उसवली आहे. नव्या वर्षात मी निवृत्त होते, मला कसलीही घाई नाही, आणि घरी वाट पाहणारं कुणी नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत. आता मीच थांबते, टाका बसेपर्यंत.

एक डिसेंबरला मी स्वतः येते. रांगेत उभी राहीन. शोधून दाखवा.

आपली,
एकेचाळिसावी गाठ